घळीतली वाघळं मोजायची तर

गणना म्हटली की आपल्याकडे वैशाखी पौर्णिमा, पाणवठा आणि मचाण एवढंच डोळ्यांसमोर येतं. चांदण्यात बसायचं, पाण्यावर आलेलं जनावर टिपायचं, सकाळी कागद वनरक्षकाच्या हातात द्यायचा. वटवाघळांना यातलं काहीच लागू पडत नाही. लख्ख चांदण्यात बरीच वाघळं उघड्यावर यायचं टाळतात, निघाली तरी उशिरा निघतात. घुबडं टपलेली असतात हे त्यांना ठाऊक असतं. शिवाय वैशाखात कितीतरी गुहांमध्ये माद्यांच्या पोटाला पिल्लं चिकटलेली असतात. म्हणजे गणनेचा आपला लाडका मुहूर्त वाघळांसाठी सगळ्यात वाईट.

आम्ही सहा-सात जण अकोले तालुक्यातल्या एका घळीत आणि तिच्या आसपासच्या कपारींमध्ये वाघळं मोजतो. कुणीही प्राणिशास्त्रज्ञ नाही. एक शिक्षक, एक सर्वेअर, बाकीचे जुने ट्रेकर. वाघूळ हातात न धरता, जाळं न लावता जेवढं कळू शकतं तेवढंच आमचं काम, आणि हा लेखही तेवढ्यापुरताच. घळीचं नाव देणार नाही. का, ते पुढे येईल.

आधी दगड वाचा

सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टचा. चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने विरघळून मैलोनमैल गुहा होतात, तसं इथे होत नाही. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी भाजलेल्या विटेच्या रंगाचा मऊ थर सापडतो. तो आधी झिजतो, वरचा कठीण दगड तसाच पुढे राहतो आणि कड्याच्या पोटात आडवी कपार तयार होते. उभ्या भेगांमधून पाणी उतरत राहिलं की नाळ होते, घळ होते. साम्रदजवळची सांदण ज्यांनी पाहिलीय त्यांना हे सांगायला नको: खाली चार माणसं कशीबशी शेजारी उभी राहतील एवढी वाट आणि वर आभाळाची चिंधी.

त्यामुळे शोधायच्या जागा ठरलेल्या असतात. तांबड्या थराच्या रेषेवरच्या आडव्या कपारी, घळीच्या भिंतींतल्या उभ्या चिरा, ढासळलेल्या धोंड्यांखालच्या पोकळ्या, आणि माणसाने कोरलेलं सगळं काही: लेणी, गडावरची कोठारं, कोरडी पडलेली टाकी. नैसर्गिक गुहा कमी म्हणून लेण्यांचं महत्त्व जास्त. एकट्या जुन्नरभोवती दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९६० च्या आसपास पश्चिम आणि मध्य भारतातल्या वाघळांचा जो अभ्यास केला, त्यातही लेण्यांचा वाटा मोठा होता.

कोण कुठे बसतं हे ढोबळमानाने माहीत असलं की शोध निम्मा होतो. तोंडाशी, जिथे दिवसा अंधुक उजेड पोचतो तिथे भिंतीला पोट चिकटवून बसतात ती टॅफोझस जातीची. उजेड पडला की खेकड्यासारखी तिरकी सरकतात. आत काळोखात, छताला सुटी सुटी, एकमेकांपासून वीतभर अंतर राखून लोंबतात ती घोड्याच्या नालेसारख्या नाकाची ऱ्हायनोलोफस आणि पानासारख्या नाकाची हिप्पोसिडेरॉस. एकमेकांना खेटून, सतत कुरबुर करत असलेला मोठा घोळका दिसला आणि खाली फळांचा आंबूस वास असला, तर ती गुहेत राहणारी फळखाऊ वाघळं, रूसेटस.

गावात विचारताना एक शब्द जपून

नकाशावर आठ दिवस घालवण्यापेक्षा गावात एक संध्याकाळ बसावं. गुरं राखणारा, मध काढणारा, खेकडे धरणारा माणूस एका दमात पाच कपारी सांगतो. पण आमची पहिली फेरी एका शब्दापायी वाया गेली.

लहान, किडेखाऊ वाघळांना आपल्याकडे पाकोळी म्हणतात. मी एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, “बाबा, त्या वरच्या कपारीत पाकोळ्या हायेत का?” बाबा म्हणाले, “हायेत ना, लय हायेत.” आम्ही दीड तास चढून, सात वाजेपर्यंत कपारीकडे डोळे लावून बसलो. बाहेर काहीच पडलं नाही. उलट अंधार पडता पडता शे-दीडशे पक्षी आत शिरले. खाली आल्यावर बाबा हसले. “आरं, त्या दिसाच्याच उडत्यात. रातच्या पायजे व्हत्या व्हय तुला? मंग वाघळं म्हन की.” पाकोळी हा शब्द कडेकपारीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांनाही तितकाच चालतो, आणि घळी-कड्यांच्या मुलखात ते भरपूर असतात. आता आम्ही नाव विचारत नाही. “सांजेला निघून पहाटे परततं असं काही आहे का? खाली लेंड्यांचा ढीग आहे का? वास कसा येतो?” असं विचारतो.

परवानगी

घळ अभयारण्यात असेल, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरातल्या बऱ्याच आहेत, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली वन्यजीवांच्या अभ्यासासाठी प्रवेशाची परवानगी मागता येते. अर्जात “सूर्यास्तानंतर” हा शब्द स्पष्ट लिहा. नुसतं “अभ्यासासाठी प्रवेश” लिहून परवानगी मिळवलीत तर नाक्यावरून सहा वाजता परत पाठवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. वाघळं पकडायची असतील तर प्रकरण कलम १२ च्या वेगळ्या परवानगीपर्यंत जातं. ते विद्यापीठांचं आणि संशोधन संस्थांचं काम. जाळी, पंखांची मापं, ओळखीसाठी घालायच्या कड्या वगैरे शिकायची हौस असली तरी प्रशिक्षित माणसाच्या हाताखाली आणि रेबीजची पूर्वलस घेतल्यावरच.

संरक्षित लेणी पुरातत्त्व खात्याकडे. ती सूर्यास्ताला बंद होतात, म्हणून संध्याकाळच्या मोजणीसाठी तिथेही स्वतंत्र पत्र लागतं. कपार खासगी मालकीच्या कड्यात असेल तर मालकाचा होकार, आणि कुठेही असो, पोलीस पाटलांच्या कानावर घालणं. रात्री डोंगरात बॅटऱ्या हललेल्या दिसल्या की गाव जागं होतं. गुप्तधन शोधणारे आलेत असं समजून एकदा आमच्यामागे वीस माणसं काठ्या घेऊन चढली होती. पुढे त्यांतलेच दोघं आमचे वाटाडे झाले.

दिवसाची फेरी

मोजणीच्या आधी किमान एकदा, भर दुपारी, सगळी तोंडं पाहून या. आत शिरू नका. तोंडाशी उभं राहून खाली बघा, वर बघा, हुंगा.

लेंडी उचलून (हातमोजा घालून) दोन बोटांत चुरडा. किडेखाऊ वाघळाची सुकी लेंडी भुसभुशीत होते आणि चुऱ्यात किड्यांच्या कवचाचे चमकणारे कण दिसतात. उंदराची लेंडी अशी चुरडत नाही, कडकच राहते. फळखाऊ वाघळांखाली लेंड्यांऐवजी शिंतोडे, उंबराच्या बारीक बिया, चोथ्याच्या गोळ्या. एखाद्या कोनाड्याखाली नाकतोड्यांचे पंख, बेडकाची तंगडी किंवा पालीचं शेपूट सापडलं तर तिथे मेगाडर्मा जेवायला बसतं. ही मोठ्या कानांची वाघळं थोडी असतात, पण शिकारी असतात. भिंतीवर एकाच जागी तेलकट काळपट डाग असेल तर जागा वर्षानुवर्षं वापरातली समजा. लेंड्यांवर बुरशी आणि धूळ असेल तर सध्या रिकामी.

प्रत्येक तोंडाचं चित्र काढा. फोटो पुरत नाही. रुंदी-उंची, तोंड कोणत्या दिशेला आहे, संध्याकाळी मागे आभाळ दिसेल की दगड, माणूस कुठे बसेल. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तो कधीही बदलू नका. आमच्या घळीत “३अ” आणि “३ब” आहेत, कारण तिसऱ्या वर्षी कळलं की एकच वाटणारी चीर आत दुभंगलेली आहे.

महिना, तिथी, वेळ

जून ते सप्टेंबर घळीत पाऊल टाकायचं नाही, याला अपवाद नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे आमचे दोन हंगाम. एप्रिल ते जून पिल्लांचा काळ धरून गुहेच्या तोंडाजवळही जात नाही. फार तर समोरच्या धारेवरून बाहेर पडणारी मोजतो. रूसेटसची वर्षातून दोनदा वीण होते, म्हणून त्यांच्या गुहेबाबत मार्चमध्येही सांभाळून.

चंद्र शक्यतो अमावस्येच्या आगेमागे चार-पाच दिवस. ते जमलं नाही तर निदान दर वर्षी तिथी सारखी ठेवा, म्हणजे यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी मांडता येईल. वारा सुटला असेल किंवा पाऊस भुरभुरत असेल तर मोजणी पुढे ढकला.

वेळेचा एक घोळ घळीतच होतो. पंचांगात सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांचा असला तरी अरुंद घळीत पाच वाजताच काळवंडतं. आतली काही वाघळं उघड्यावरच्यांपेक्षा आधी हालचाल करू लागतात आणि बाहेर पडायच्या आधी घळीतच घिरट्या घालतात. म्हणून आम्ही सूर्यास्ताआधी पाऊण तास जागेवर असतो आणि सूर्यास्तानंतर दीड तासापर्यंत उठत नाही. वही मात्र सूर्यास्ताच्या वेळेवरूनच लावतो: “सूर्यास्त + १८ मिनिटं, पहिलं वाघूळ.” घड्याळातली वेळ ऋतूप्रमाणे सरकते, हे अंतर तुलनेला उपयोगी पडतं.

बाहेर पडताना मोजणं

सगळ्या कामाचा कणा हाच. कमी खर्चाचा, वाघळांना त्रास न देणारा, आणि नीट केला तर सगळ्यात भरवशाचा.

एका तोंडाला दोन माणसं. एक बाहेर जाणारी मोजतो, दुसरा आत येणारी. हातात टिकटिक करणारं मोजणीयंत्र, तेच जपाला वापरतात ते. दोनशे रुपयांच्या आत मिळतं. दर दोन मिनिटांनी तिसरा माणूस “वेळ” म्हणतो आणि दोघं आपला आकडा पुटपुटतात. तो लिहितो, किंवा मोबाइल छातीशी उलटा धरून नुसतं रेकॉर्ड करतो. हिशोब साधा आहे. सात-दोन ते सात-चार: बाहेर ४१, आत ६, निव्वळ ३५. पुढची दोन मिनिटं: बाहेर ५८, आत ११, निव्वळ ४७. असं शेवटपर्यंत. आत येणारी वजा केली नाहीत तर आकडा फुगतो, कारण बरीच वाघळं बाहेर येऊन, चक्कर मारून, पुन्हा आत जातात. जणू बाहेरची हवा बघून येतात.

बसायचं तोंडाच्या बाजूला आणि खाली, समोर कधीच नाही. डोळ्यांपुढे पश्चिमेचं आभाळ असावं म्हणजे काळ्या आकृत्या उठून दिसतात. बोलायचं नाही, विडी-सिगारेट नाही, अत्तर नाही. बॅटरी लावायची वेळ आलीच तर लाल, आणि ती वहीवर.

आता घळीची अडचण. घळीच्या तळाशी बसलात तर मागे आभाळ नसतंच. काळ्या दगडापुढून काळं वाघूळ जातं आणि तुम्हाला फक्त गालावर वारा लागतो. शिवाय पाच चिरांमधून निघालेली वाघळं घळीत एकत्र होतात. कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक चिरेसमोर माणूस बसवला. रात्री बेरीज केली तेव्हा आनंदाने उड्या मारल्या. सकाळी सर्वेअरमित्राने वेळा जुळवून दाखवल्या: खालच्या चिरेवाल्याने मोजलेली वाघळं म्हणजे वरच्या चिरेवाल्याने मिनिटभर आधी मोजलेली. एकच थवा दोनदा, काही तीनदा.

तेव्हापासून आम्ही सबंध घळ हीच एक गुहा धरतो. तिला तीन दारं: वरचं तोंड, खालचं तोंड आणि छप्पर. वरच्या आणि खालच्या तोंडाशी जोड्या बसतात, आभाळाकडे बघून. छपरासाठी, म्हणजे घळीची धार ओलांडून वर जाणाऱ्यांसाठी, काठावर दोघं. ते उजेड असतानाच कड्यापासून दहा पावलं मागे बसतात आणि मोजणी संपून पुढचा माणूस हाक मारेपर्यंत जागचे हलत नाहीत. घड्याळं आधीच मिळवलेली. यात कुठल्या चिरेत किती, हे कळत नाही. घळीत एकूण किती, हे कळतं, आणि ते दर वर्षी त्याच पद्धतीने कळतं.

वर्षातून एकदा एकाच तोंडावर दोन जोड्या बसवा, एकमेकांचा आकडा ऐकू न देता. आमच्यात फरक दहापैकी एकाहून जास्त आला तर मोजणी रद्द. मिनिटाला शंभराच्या पुढे वाघळं निघू लागली की माणसाचा अंगठा हरतो. तिथे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाचा कॅमेरा हवा. नाइट मोड असलेला जुना कॅमकॉर्डर पुरतो. अवरक्त दिवा कॅमेऱ्याला चिकटवू नका. दोन-तीन मीटर बाजूला ठेवा, नाहीतर भिंगासमोरचे किडे आणि धूळ एवढे चमकतात की चित्रात हिमवर्षाव होतो. दिवा ९४० नॅनोमीटरचा मिळाला तर उत्तम, ८५० चा पुसटसा लाल दिसतो. चित्रण संथ करून मोजायला तासाला तीन-चार तास लागतात. सुट्टीची सकाळ, चहा आणि दोन जण.

मोजणीच्या ऐन भरात शाहीन ससाणा खाली येतो तेव्हा सगळ्यांचा अंगठा थांबतो. आमचाही थांबला. तो क्षण वहीत लिहा, कारण त्यानंतरची चार-सहा मिनिटं तोंडातून काहीच निघत नाही आणि नंतर आकडेवारी बघणारा चक्रावतो.

कानाने मोजणं

किडेखाऊ वाघळं अंधारात आवाजावर चालतात आणि तो आवाज बहुतेक आपल्या कानापलीकडचा. माणूस फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यासाठी बॅट डिटेक्टर, म्हणजे तो आवाज टिपणारं यंत्र. फोनला जोडायचे मिळतात, झाडाला बांधून ठेवायचे मिळतात. ऑडिओमॉथ हे छोटं, त्यातल्या त्यात स्वस्त यंत्र आमच्यासारख्यांना परवडतं.

विकत घेण्याआधी एकच आकडा बघा: सॅम्पलिंगचा दर, म्हणजे यंत्र सेकंदाला किती हजार वेळा आवाज मोजतं तो. यंत्र त्या दराच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडतं. २५६ चं यंत्र १२८ किलोहर्ट्झवर थांबतं. आणि सह्याद्रीतल्या लेण्यांमध्ये सहज सापडणारं हिप्पोसिडेरॉस स्पिओरिस बोलतं १३० च्या वर! म्हणजे गुहा भरलेली असूनही तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ती रिकामी. आपल्याकडे ३८४ चं यंत्र हवं. त्या दराने तासाला पावणेतीन जीबी जागा जाते, म्हणून सबंध रात्र रेकॉर्ड न करता दर पाच मिनिटांतलं एक मिनिट असं वेळापत्रक लावा. बारा तासांच्या रात्रीला साडेसहा-सात जीबी पुरतात.

यंत्र भिंतीपासून निदान तीन मीटर लांब, काठीवर, तोंड थोडं वर करून. भिंतीजवळ ठेवलं तर प्रत्येक आवाजामागे त्याचा प्रतिध्वनी चिकटतो आणि आवाजाचा आलेख (कुठल्या क्षणी कुठला सूर ते दाखवणारा) पुसल्यासारखा दिसतो. वाहत्या पाण्यापासूनही दूर. धबधब्याचा खळखळाट अतिध्वनीतही चालू असतो. ऑक्टोबरमध्ये रातकिडे आणि त्यांचे भाऊबंद एवढा गोंधळ घालतात की फेब्रुवारीच्या फायली ऐकताना सुटल्यासारखं होतं.

आता ओळख. नालनाकी आणि पाननाकी जाती एका ठरावीक सुरावर लांब आवाज काढतात. आलेखात सपाट रेघ दिसते. त्यांना ओळखणं त्यामुळे जमण्यासारखं. ऱ्हायनोलोफस रूक्सी ८० किलोहर्ट्झच्या आसपास, तिची जुळी म्हणावी अशी इंडोरूक्सी ९० च्या आसपास, ऱ्हायनोलोफस बेडोमी ४० च्या आसपास. इथे एक फसगत ठरलेली. नालनाक्यांचा मोठा आवाज हा मूळ सुराच्या दुप्पट असतो, आणि वाघूळ यंत्राच्या अगदी जवळून गेलं तर मूळ सूरही पुसट उमटतो. मग ८० ची ठळक रेघ आणि बरोबर त्याच क्षणी ४० ची फिकी रेघ. आम्ही बेडोमी सापडली म्हणून पेढे वाटले होते. दोन रेघा एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी संपत असतील तर ते एकच वाघूळ. बेडोमीसाठी ४० ची रेघ एकटी आणि ठळक हवी.

दुसरं, तुमच्याकडे उडत येणाऱ्या वाघळाचा सूर चढा नोंदतो, जसा येणाऱ्या रेल्वेचा भोंगा. सेकंदाला पाच मीटर वेगाने ८० वाली आली तर सव्वा किलोहर्ट्झ इकडे-तिकडे होतो. म्हणून एका रेघेवरून निकाल देऊ नये, वीस-पंचवीस मापून मधला आकडा घ्यावा. बाकीच्या, खाली कोसळणाऱ्या सुराच्या जाती, म्हणजे पिपिस्ट्रेल आणि मंडळी, नवख्याने गटापर्यंतच ओळखाव्यात. आपोआप नाव सांगणारी सॉफ्टवेअर मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या वाघळांवर शिकलेली असतात. इथे ती आत्मविश्वासाने चुकतात.

आणि आवाजावरून संख्या काढू नका. एकच वाघूळ दिव्याभोवती पन्नास फेऱ्या मारू शकतं. आम्ही “रात्रीतल्या रेकॉर्ड झालेल्या किती मिनिटांत ही जात ऐकू आली” एवढंच मोजतो. जातीजातींची तुलना तर मुळीच नाही, कारण १३५ चा आवाज हवेत काही मीटरांतच विरतो, आणि टॅफोझसचा २५-३० चा कितीतरी लांबून येतो. यंत्राला लांबचं टॅफोझस मोठं वाटतं आणि डोक्यावरचं हिप्पोसिडेरॉस दिसत नाही.

आत जाणं

शक्यतो नाही. गेलातच तर दोघं, लाल उजेड, दहा मिनिटांच्या आत बाहेर, आणि वर्षातून एकदाच. दोन-तीन फोटो काढून घरी मोजा. वाघळं कान हलवू लागली, अंग झाडू लागली, की मागे फिरायचं. खोल टाक्यात किंवा निमुळत्या भुयारात हवा कोंदलेली असते. अमोनियाने डोळे चुरचुरले किंवा विनाकारण धाप लागली तर मोजणी विसरा.

आजारांविषयी, न घाबरता

२०२० च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वाघळांमध्ये निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. गावात हा विषय निघतोच. खरं तेच सांगावं: गुहेबाहेर बसून मोजणाऱ्याला त्यापासून धोका नगण्य, वाघळाने अर्धवट खाल्लेलं फळ खाऊ नये, मेलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नये. गुहा पेटवून दिली किंवा धूर केला तर वाघळं घाबरून गावाकडेच येतील, हेही सांगावं. एवढं सगळ्यांना पटतं.

आपल्यासाठी: तोंडाशीही एन-९५ मास्क, कारण सुक्या विष्ठेच्या धुळीत फुप्फुसाला बाधणारी बुरशी असू शकते. वाघूळ चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस. एका गुहेतले बूट आणि दोर न धुता दुसऱ्या गुहेत न्यायचे नाहीत.

डोंगराचे धोके

खरं सांगायचं तर आमच्यातल्या कुणालाही वाघळाने कधी काही केलेलं नाही. मधमाश्यांनी केलं. कड्याच्या कपारींना आग्या मोहोळं लटकलेली असतात, आणि वाघळांची आवडती कपार बऱ्याचदा त्याच कड्यात. दिवसाच्या फेरीत दुर्बिणीने आधी पोळी शोधा. पोळं दिसलं तर ती जागा त्या हंगामात सोडून द्या. अंधारात पोळ्यावर पडलेला बॅटरीचा झोत पुरेसा असतो. तोंडाशी बसायच्या जागेवर आधी काठी फिरवा, कारण फुरसं नेमकं अशाच कोरड्या दगडाखाली असतं. पंज्यांचे ताजे ठसे किंवा हाडं दिसली तर ती गुहा बिबट्याची, मोजणी नाही.

वळिवाचं आभाळ भरून आलं की घळीतून निघा, तुमच्या डोक्यावर कोरडं असलं तरी. पाऊस वर पठारावर पडतो आणि पाणी खाली तुमच्याकडे येतं. उतरायची वाट दिवसा दोनदा चालून झालेली असावी, आणि गावात एका माणसाला परतीची वेळ सांगितलेली.

वही

दिनांक, तोंडाचा क्रमांक, सूर्यास्त, तिथी, ढग, वारा, तापमान सुरुवातीचं आणि शेवटचं, कोण कुठे बसलं, पद्धत, दर दोन मिनिटांचे आकडे, मध्ये काय घडलं. जातीचं नाव खात्रीचं, बहुतेक, की नुसता गट, ते शेजारी लिहा. तीन संध्याकाळ मोजा आणि तिन्ही आकडे द्या. सरासरी काढून मूळचे फेकू नका.

अक्षांश-रेखांश वन विभागाला द्या, समाजमाध्यमांवर टाकू नका. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळची बारापेडे गुहा आठवा. रॉटनचं मुक्तपुच्छ वाघूळ, ओटोमॉप्स रॉटोनी, १९१३ मध्ये तिथूनच शास्त्राला कळलं आणि पुढची ऐंशीहून अधिक वर्षं जगात तेवढाच एक पत्ता माहीत होता. मग मेघालय आणि कंबोडियातून नोंदी आल्या. असा एखादा पत्ता आपल्या घळीत असू शकतो, आणि रील बघून आलेली चाळीस माणसं मोबाइलच्या झोतात आत शिरली तर एका रविवारात तो पुसला जाऊ शकतो. ओटोमॉप्सचा आवाज १५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, तरुण कानाला तो ऐकूही येतो. म्हणून मोजणीला आम्ही एक तरी विशीतला मुलगा किंवा मुलगी नेतोच. अजून कुणाला ऐकू आलेला नाही, पण वहीत दर संध्याकाळी तो रकाना भरतो: “कानाने ऐकू आलं – नाही.”

शून्यही लिहायचं. एका जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, ऑक्टोबरला पाचशेच्या वर मोजलेल्या त्याच घळीतून सबंध संध्याकाळी नऊ वाघळं निघाली. कुणीतरी म्हणालं, हा दिवस धरूया नको. आम्ही धरला. तापमान लिहिलं, वारा लिहिला, नऊ लिहिलं, आणि मार्चमध्ये पुन्हा त्याच दगडांवर जाऊन बसलो.